वर्षानुवर्षं रेंगाळणारी मंद उदासी: मदतीची सुरुवात नेमकी कुठून करायची?

रानवाट

तीव्र नैराश्याबद्दल आता बरंच लिहिलं जातं. पण एक प्रकार असा आहे की माणूस रोज कामावर जातो, डबा खातो, लग्नकार्याला हजेरी लावतो, हप्ते भरतो आणि तरी कशातच मन लागत नाही. रडारड नाही, अंथरूण धरलेलं नाही. घरचे म्हणतात, "त्याचा स्वभावच तसा आहे." हे वर्षानुवर्षं चालतं. वैद्यकीय भाषेत याला डिस्थायमिया किंवा दीर्घकालीन नैराश्य म्हणतात, हे माहीत आहे. इथे या विषयातले जाणकार आहेत म्हणून नेमकं विचारते:

पहिलं दार कुठलं, डॉक्टरचं की समुपदेशकाचं? चांगला थेरपिस्ट ओळखायचा कसा? किती सेशन, किती पैसे? आणि उपयोग होतोय की नाही हे कळतं कशावरून?

"सकारात्मक विचार करा" छापाचे सल्ले नकोत. नेमकं लिहा.

ओपीडीतला

निकषांपासून सुरुवात करतो, कारण घोळ तिथेच होतो. अमेरिकेच्या निदान-पुस्तिकेत १९८०च्या आवृत्तीपासून डिस्थायमिया वेगळा नोंदला गेला. २०१३ मध्ये तो आणि जुनाट तीव्र नैराश्य एकत्र करून एकच निदान केलं गेलं. मोठ्यांमध्ये किमान २ वर्षं, मुलांमध्ये आणि किशोरांमध्ये १ वर्ष, बहुतेक दिवस आणि दिवसाचा बराच वेळ मन उदास असतं. मुलांमध्ये उदासीऐवजी चिडचिड दिसते. त्या जोडीला सहापैकी किमान दोन गोष्टी हव्यात: भूक कमी किंवा जास्त, झोप कमी किंवा जास्त, थकवा, स्वतःबद्दल हीन भावना, एकाग्रता किंवा निर्णयाची अडचण, निराशा. या सगळ्या काळात सलग दोन महिन्यांहून जास्त मोकळीक मिळालेली नसते.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात कामाचा. "गेल्या पाच वर्षांत सलग दोन-तीन महिने अगदी बरं वाटलं असा काळ कोणता?" या प्रश्नावर समोरचा माणूस विचारात पडतो आणि त्याला काहीच आठवत नाही, तेव्हा "स्वभाव" हे उत्तर बाजूला ठेवायचं. अनेकांचं सुरुवातीचं वय २१च्या आतलं असतं, त्यामुळे तुलनेला "आधीचा मी" उरलेलाच नसतो. म्हणून तक्रारही होत नाही.

दुसरं. या मंद उदासीवर मध्येच तीव्र नैराश्याचा झटका येऊ शकतो. उपचाराने झटका ओसरतो, माणूस पुन्हा जुन्या मंद पातळीला येतो आणि सगळे म्हणतात, "बरा झाला." तो बरा झालेला नसतो.

हडपसरकर

वाचनखूण साठवली. पहिल्या भेटीला कोणकोणत्या तपासण्या नेऊन ठेवाव्यात?

ओपीडीतला

@हडपसरकर, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-१२, डी जीवनसत्त्व आणि साखर. थायरॉइड मंदावला असेल तर थकवा, वजन, झोप, मंद विचार हे सगळं चित्र नैराश्यासारखंच दिसतं. शाकाहारी घरांमध्ये बी-१२ कमी असणं आपल्याकडे नेहमीचंच. मात्र उलटी चूकही तितकीच होते: बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं घेतली, आकडा वर आला, उदासी जिथल्या तिथे, आणि माणूस म्हणतो "आता काही इलाज नाही". कमतरता भरून काढा, आणि मूळ तपासणीही चालू ठेवा. शिवाय आधीपासून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. स्टिरॉइडसारखी काही औषधं मनावर परिणाम करतात. दारू किती आणि कधी, हे खरं सांगा.

निशिगंधा

तपासण्यांसोबत एक कागद न्यावा. आडवी रेघ मारून वर्षं लिहायची: शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न, बाळंतपण, घरातलं आजारपण. त्याखाली मनाची पातळी वर-खाली काढायची. पाच मिनिटांचं काम आहे, पण पहिल्या सेशनचा अर्धा तास वाचतो. त्यात खूप उत्साहाचे, कमी झोपेतही दमणूक न होणारे, उधळपट्टीचे दिवस आले असतील तर ते ठळक करा. तसं काही असेल तर निदान बदलू शकतं, आणि नुसतं नैराश्यविरोधी औषध देणं त्रासाचं ठरू शकतं.

आणि "बरं चाललंय" या उत्तरापासून सावध. हे लोक डॉक्टरसमोरही पाहुण्यांसमोर बोलावं तसं बोलतात. सोबत जवळचं माणूस दहा मिनिटं आत आलं तर खरं चित्र कळतं.

टीकाकार

थोडं वेगळं मत मांडतो. प्रत्येक गंभीर, अबोल माणसाला आजारी ठरवण्याची घाई नको. काही माणसं मुळातच शांत असतात. प्राणायाम, चालणं, विपश्यना याने पुष्कळांना फरक पडतो. लगेच डॉक्टर कशाला?

निशिगंधा

@टीकाकार, शांत माणसाला त्याच्या शांतपणाचा त्रास होत नाही. त्याला पुस्तक, गाणं, नातवंडं यातून आनंद मिळतो. इथे आनंदच आटलेला असतो आणि प्रत्येक कामाला ढकलावं लागतं. फरक करायला एवढं पुरतं.

चालण्याबद्दल दुमत नाही, व्यायामाचा उपयोग होतो. विपश्यनेबद्दल मात्र एक गोष्ट आवर्जून. इगतपुरी परंपरेतल्या दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारलेलं असतं. तिथे खरी माहिती भरावी. शिबिर हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही, असं ती मंडळीही सांगतात. शिबिरासाठी गोळ्या परस्पर बंद करून जाणं हा प्रकार फार धोक्याचा.

टीकाकार

अर्जाचा मुद्दा मान्य. पण आधी चालून बघायला काय हरकत आहे, हा प्रश्न राहतोच.

ओपीडीतला

हरकत काहीच नाही, फक्त मुदत घाला. सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, तीस-चाळीस मिनिटं. आधी आणि नंतर पीएचक्यू-९ भरा. ही नऊ प्रश्नांची मोफत प्रश्नावली आहे, मराठीतही आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २७. ५, १०, १५ आणि २० हे टप्पे: सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र, तीव्र. आकडा हलला नाही तर पुढचं पाऊल उचलायचं.

दोन इशारे. ही प्रश्नावली फक्त मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, त्यामुळे दहा वर्षांची मंद उदासी तिच्यात "सौम्य" म्हणून सुटून जाते. आणि नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्य नसेल तर बेरीज कितीही असो, थांबू नका. टेली-मानस ही सरकारी मानसिक मदतीची फोनसेवा: १४४१६, चोवीस तास, मोफत. फोन लागल्यावर मराठी निवडता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर माणसाला एकटं सोडू नका, जवळच्या रुग्णालयात न्या.

गोंयकार

टीकाकारांच्या प्रश्नावरून आठवलं. डॉक्टर नसलेली माणसंही मदत करू शकतात, याचा चांगला पुरावा आमच्या गोव्यातलाच आहे. 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम' करून बघितला. समुपदेशक म्हणजे गावातलीच माणसं, मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख असलेली. सहा ते आठ सेशन, प्रत्येकी तीस-चाळीस मिनिटं, केंद्रात किंवा घरी. १० आरोग्य केंद्रांतले ४९५ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांसोबत ज्यांना ही सेशनंही मिळाली, त्यांची लक्षणं नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाली. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ते रुग्ण मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे होते, जुनाट मंद उदासीचे म्हणून निवडलेले नव्हते, हेही सांगायला हवं. पण पद्धत इथेही लागू होते.

रानवाट

@गोंयकार, त्या सेशनमध्ये नेमकं करतात काय? नुसत्या गप्पा?

निशिगंधा

मी सांगते, कारण हेच तंत्र आम्ही वापरतो: वर्तन-सक्रियता. गृहीतक असं की उदासीमुळे माणूस गोष्टी टाळतो, टाळल्यामुळे आनंद आणि "जमलं" ही भावना दोन्ही बंद होतात, त्यामुळे उदासी वाढते. हे चाक कृतीच्या बाजूने उलटं फिरवायचं. मन तयार होण्याची वाट बघायची नाही.

पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त तक्ता भरायचा. वही आडवी धरून सात रकाने, दिवसाचे तास खाली. प्रत्येक तासाला काय केलं आणि मनाची पातळी ० ते १०. भरलेला तक्ता असा दिसतो:

सकाळी ७ – गच्चीत कपडे वाळत घातले – ४
सकाळी ८ – डबा, धावपळ – ३
दुपारी १ – कॅन्टीनमध्ये सहकाऱ्यासोबत जेवण – ५
संध्याकाळी ७ – पलंगावर मोबाइल – ३
रात्री ९ – पलंगावर मोबाइल – २

हा कागद समोर ठेवला की माणूस स्वतःच बोट ठेवतो. आरामासाठी घेतलेला मोबाइल पातळी खाली नेतोय, आणि "त्यात काय विशेष" म्हणून सोडून दिलेलं गच्चीतलं काम वर नेतंय. हे उपदेशातून पटत नाही, स्वतःच्या अक्षरात दिसलं की पटतं.

दुसऱ्या आठवड्यात दोनच कृती निवडायच्या. एक सुखाची, एक "जमलं" वाटणारी. वार, वेळ, ठिकाण आणि सोबत, चारही लिहायचं. "चालायला जाईन" चालत नाही. "मंगळवारी साडेसहाला बागेत दोन फेऱ्या, शेजारच्या काकूंसोबत" हे चालतं.

फसतं कुठे? पहिलं, कृती फार मोठी निवडली जाते. "रोज तासभर जिम" हे तिसऱ्या दिवशी बारगळतं आणि "मला काहीच जमत नाही" याला नवा पुरावा मिळतो. अर्ध्यावर आणा, पुन्हा अर्ध्यावर आणा. दुसरं, तक्ता रात्री एकदम भरतात. उदास मनाला रात्री दिवसभरातलं वाईटच आठवतं, म्हणून दिवसातून तीनदा भरा. तिसरं, कृती केली पण आनंद झाला नाही म्हणून सोडतात. सुरुवातीच्या आठवड्यांत आनंद बहुतेक होत नाहीच. आधी "केलं" येतं, "आवडलं" मागून येतं.

कोकणी_माणूस

शेजारच्या काकूंना रोज दोन फेऱ्या झेपतील का, ते आधी विचारा म्हणावं :)
बाकी प्रतिसाद एक नंबर.

निशिगंधा

काकूंनाही फायदाच आहे :)

जेनेरिक

औषधांबद्दल कोणी लिहिलं नाही. औषधांच्या दुकानात रोज दिसतात त्या चुका लिहितो, डोस मात्र डॉक्टरच ठरवतील.

एसिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन या नैराश्यविरोधी गोळ्यांचा गुण साधारण चार ते सहा आठवड्यांनी दिसतो. मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल, थोडी बेचैनी हे पहिल्या आठवड्यातच येतं. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. त्यामुळे दहाव्या दिवशी गोळी बंद करणारे पुष्कळ. जेवणानंतर घेतल्यावर मळमळ कमी होते. झोप येत असेल तर रात्री, उडत असेल तर सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. लैंगिक इच्छा कमी होणं हा दुष्परिणाम खरा आहे, लाजून लपवू नका, त्यावर उपाय असतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांकडे सुरुवातीचे काही आठवडे घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावं, कारण या वयात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढण्याचा इशारा या औषधांवर आहे.

या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. पण एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, अंगात विजेचे झटके बसल्यासारखं होतं. कमी करत बंद करायच्या, तेही विचारून. झोपेच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांची सवय लागू शकते. लोक दोन्ही एकाच टोपलीत टाकतात.

अंगदुखीसाठी ट्रॅमाडॉल, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन असं काही घेत असाल तर सांगा. पहिल्याची या गोळ्यांशी धोक्याची जोडी होऊ शकते, बाकीच्यांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते. वयस्कर माणसात गोळी सुरू झाल्यावर गोंधळलेपणा, तोल जाणं दिसलं तर सोडियम तपासून घ्या. आणि जनऔषधी केंद्रात ही औषधं बरीच स्वस्त मिळतात.

टीकाकार

मग सरळ प्रश्न: गोळी की थेरपी?

ओपीडीतला

जुनाट प्रकारात बऱ्याच जणांना दोन्ही. २०००च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात जुनाट नैराश्याच्या ६८१ रुग्णांवर १२ आठवडे तुलना झाली. नुसतं औषध ४८ टक्के, नुसती थेरपी ४८ टक्के, दोन्ही मिळून ७३ टक्के रुग्णांना गुण आला. त्यातलं औषध, नेफाझोडोन, यकृताच्या त्रासामुळे पुढे बऱ्याच देशांत मागे घेतलं गेलं, म्हणून आकडे जसेच्या तसे आजच्या गोळ्यांना लावू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे.

निशिगंधा

त्या अभ्यासातली थेरपी खास जुनाट नैराश्यासाठी जेम्स मॅक्कलो यांनी बांधलेली होती. तिच्यातली एक गोष्ट सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) करणारेही उचलू शकतात. दीर्घकाळ उदास असलेल्या माणसाला आपण केलेल्याने काही बदलतं यावरच विश्वास उरलेला नसतो. म्हणून एकच छोटा प्रसंग घेऊन तो चिरायचा. उदाहरणार्थ, साहेबांकडे रजा मागितली.

काय घडलं: दारात उभं राहून "रजा मिळेल का" विचारलं, साहेब संगणकाकडे बघत "बघू" म्हणाले, मी परत आलो. अर्थ काय लावला: "माझी किंमतच नाही." मी कसा वागलो: हळू आवाज, नजर खाली, तारीख सांगितली नाही. हाती काय आलं: रजा नाही. काय हवं होतं: १२ तारखेची रजा मंजूर. मिळालं का? नाही. का? तारीखच सांगितली नव्हती. मग अर्थ तपासायचा: "किंमत नाही" हे या प्रसंगातून दिसतं का, आणि ते मनात धरल्याने रजा मिळायला मदत झाली का? शेवटी पुढच्या वेळचं वाक्य ठरवून तिथल्या तिथे म्हणून बघायचं.

"साहेब वाईट आहेत" इथे गाडी अडली की थेरपिस्टने हळूच परत आणायची असते. हवं असलेलं उत्तर आपल्या हातातलं आणि शक्य असलेलं असावं. "साहेबांनी माझा आदर करावा" हे चालत नाही.

हडपसरकर

हे छापून भिंतीवर लावण्यासारखं आहे. पण असा थेरपिस्ट शोधायचा कसा? हल्ली आठवड्याचा कोर्स करून पाट्या लागतात.

प्रतिमा_सोशलवर्क

पाटीवरची अक्षरं नीट वाचा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम. औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, पारंपरिक वाट दोन वर्षांच्या एम.फिल.ची. नोंदणी क्रमांक मागा, परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. समुपदेशक हा शब्द मात्र कोणीही पाटीवर लावू शकतो. त्यातही एम.ए. मानसशास्त्र करून वर्षानुवर्षं देखरेखीखाली काम केलेली उत्तम माणसं आहेत, म्हणून शिक्षणासोबत तीन प्रश्न विचारा: जुनाट नैराश्यासाठी कोणती पद्धत वापरता? तुमच्या कामावर कोणाची देखरेख आहे? साधारण कितव्या सेशनला आपण आढावा घेऊ? उत्तर देताना चिडचिड झाली तर उठून यावं.

पैशांचं म्हणाल तर मोठ्या शहरांत ४५ ते ६० मिनिटांच्या खाजगी सेशनला हजार ते अडीच हजार सर्रास लागतात. सीबीटी साधारण १२ ते २० सेशन चालते, जुनाट प्रकारात त्याहून लांबू शकते. परवडत नसेल तर थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची पथकं ठरलेल्या वारी ग्रामीण रुग्णालयांतही जातात. वार आधी फोनवर विचारून घ्या, नाहीतर खेप वाया जाते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे गेलं म्हणजे भरती करतात असं अजिबात नाही. गोव्यात बांबोळीची सरकारी मानसोपचार संस्था आहे. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून मराठीतून हे काम करते.

सरकारी ओपीडीत गर्दी असते, दहा मिनिटं मिळतात. तिथे औषध आणि निदान घ्या, आणि थेरपीसाठी तिथल्याच मानसशास्त्रज्ञाची किंवा सोशल वर्करची वेगळी वेळ मागा. मागितल्याशिवाय ती बहुधा मिळत नाही.

कोकणी_माणूस

विमा? आणि ऑफिसात कळलं तर?

प्रतिमा_सोशलवर्क

मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम २१(४): विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच खर्च देतात, थेरपी असते ओपीडीत. त्यामुळे ओपीडीचं कलम आहे का ते बघा. प्रस्ताव भरताना आजार लपवू नका, दावा तिथेच फेटाळला जातो.

गोपनीयता हा याच कायद्याच्या कलम २३ खालचा हक्क आहे. ऑफिसला निदान सांगण्याची सक्ती नाही, रजेसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र पुरतं. कंपनीने पुरवलेली समुपदेशन सेवा घेताना मात्र कोणती माहिती कंपनीकडे जाते हे पहिल्याच फोनवर विचारा.

लीड्सवासी

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींसाठी: एनएचएस म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या 'टॉकिंग थेरपीज' या समुपदेशन सेवेकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतः अर्ज करता येतो, दुभाषाही मागता येतो. सासू-सासरे इथे राहायला आलेले असतील आणि इंग्रजीत मन मोकळं होत नसेल तर याचा फार उपयोग आहे.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच प्रश्न उरला: उपयोग होतोय की नाही हे कळायचं कसं? आणि थेरपिस्ट कधी बदलायचा?

निशिगंधा

"आनंदी वाटतंय का" हे सुरुवातीला विचारूच नका, उत्तर नाहीच येणार. कामं टाळण्याचा वेळ कमी झाला का? फोन परत करायला लागले का? वाईट दिवस आला तर तो एका दिवसात आवरतो की आठवडाभर रेंगाळतो? हे आधी बदलतं. पीएचक्यू-९ दर दोन-तीन आठवड्यांनी, शक्यतो त्याच वारी भरा. सहा ते आठ सेशननंतर आकडा, तक्ता आणि घरच्यांचं निरीक्षण यापैकी कशातच हालचाल नसेल तर थेरपिस्टशी तो विषय उघड काढा. पद्धत बदलता येते, औषधाचा विचार करता येतो. दरवेळी नुसता सल्ला किंवा नुसतं ऐकणं, घरचा अभ्यास नाही, उद्दिष्ट लिहिलेलं नाही, असं असेल तर बदला. न सांगता गायब होऊ नका. शेवटच्या सेशनमध्ये आतापर्यंतच्या कामाचा सारांश लिहून मागा, पुढच्याला उपयोगी पडतो.

थेरपिस्ट आवडला, पण तिसऱ्या-चौथ्या सेशनला जाऊच नये असं वाटतंय, हे मात्र बदलण्याचं कारण नाही. टाळणं हे आजाराचंच लक्षण आहे. पुढची वेळ निघतानाच ठरवून घ्या आणि पैसे आधी भरा.

ओपीडीतला

औषधाबाबत एवढंच. बरं वाटल्यावरही निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवतात, जुनाट प्रकारात बहुधा त्याहून जास्त. दोन वर्षांहून जुनी उदासी दोन महिन्यांत गेली म्हणून गोळी सोडणारे परत येतातच. बंद करायची वेळ शांत काळातली निवडा. मुलाची दहावी, बदली, घराचं काम असं काही चालू असताना नको.

हडपसरकर

@रानवाट, मूळ धाग्यात वरतीच १४४१६ आणि तपासण्यांची यादी टाकता येईल का? खालपर्यंत सगळे वाचत नाहीत.

रानवाट

टाकते. पहिलं दार म्हणून असं लिहितेय, चुकलं तर सांगा: आधी रक्ततपासण्या आणि एकदा मानसोपचारतज्ज्ञाकडून निदान, त्याच आठवड्यात थेरपीची वेळ, आणि वेळ मिळेपर्यंत निशिगंधांचा सात दिवसांचा तक्ता.

ओपीडीतला

बरोबर. फक्त तालुक्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर त्यासाठी अडून बसू नका. फॅमिली डॉक्टर किंवा टेली-मानसपासून सुरुवात केली तरी चालते, तिथून पुढे पाठवतात.